चावी फिरवू नका

आईने माझ्या शिक्षणाला चार नावं दिली आहेत. (ठेवली आहेत म्हटलं तर अर्थ बदलेल, आणि तोही फारसा चुकीचा ठरणार नाही.) पुण्याच्या मावशीला सांगताना ते 'ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजी' असतं. खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकूंना 'केनेडामां एन्जिनियरिंग'. वधू-वर मंडळाच्या फॉर्मवर, जो तिने मला न विचारता भरला, 'वाहन उद्योग, परदेश'. आणि दूधवाल्याने विचारलं तर 'गाड्यांचंच काहीतरी आहे बाबा'. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या कागदावर त्याला पाचवं नाव आहे: ऑटोमोटिव्ह सर्व्हिस टेक्निशियन, धंद्याचा क्रमांक ३१०-एस. सहावं नाव बडोद्याच्या कुठल्याही नाक्यावर, कुणालाही विचारा, पहिल्या फटक्यात मिळेल. मेकॅनिक. ते तेवढं आमच्या घरात कुणी घेत नाही.

आमचं घराणं लेखणीचं. पणजोबा साताऱ्याकडून गायकवाडीत आले ते कारकून म्हणून. आजोबांनी कचेरीत जन्म काढला, बाबांनी बँकेत, आईने शाळेच्या ऑफिसात हिशेब लिहिण्यात. मीही त्याच रुळावर होतो. एमएस युनिव्हर्सिटीचं बी.कॉम. झालं, मग एका सीएच्या ऑफिसात दोन वर्षं लोकांचे जीएसटी रिटर्न भरले. आमच्याकडे हाताला लागायची ती शाई, फार तर कार्बन पेपरची निळाई.

दांडिया बाजारातल्या जुन्या घरी बाबांची मारुती ८०० होती. ती रुसली की प्रतापनगरकडचे एक मिस्त्री सायकलवरून येत. बॉनेट उघडण्याआधी ते गाडीभोवती एक फेरी मारत, मग बाबांना म्हणत, "साहब, चावी मत फिराओ. पहले बताओ, कल क्या बोल रही थी?" गाडी बोलते हे मला तेव्हा फार आवडायचं. काम झालं की ते ओटल्यावर बसून चहा घेत. त्यांच्यासाठी एक कप ठेवलेला असे, कान तुटलेला, कपाटाच्या अगदी खालच्या फळीवर. नियम म्हणून कुणी कधी सांगितलं नव्हतं. पण मी पाच-सहा वर्षांचा असतानाच मला कळलेलं होतं की तो कप आपला नाही. आई म्हणायची, ऑईलचा वास जात नाही. कपाला कधी ऑईल लागलं नाही हे तिलाही दिसत असणार.

आणि हे सगळं कुठे, तर कलाभवनापासून हाकेच्या अंतरावर. सयाजीराव महाराजांनी १८९० साली त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती सोपवून काढलेली ही संस्था. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकवायचं, आणि तेही मुलांच्या भाषेत. सिनेमाच्या नादाला लागण्याआधी दादासाहेब फाळके इथेच शिकून गेले. आता त्या आवारात विद्यापीठाचं इंजिनियरिंग आहे. तिथून पास होणाऱ्या मुलाच्या आईला चार नावं शोधावी लागत नाहीत. एक पुरतं.

परदेशी शिकायला धाडण्याचीही बडोद्याला जुनी सवय. १९१३ साली डॉ. आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, महिना साडेअकरा पौंड. १९१७ मध्ये संस्थानची नोकरी करायला परत आले तेव्हा याच शहरात जात कळल्यावर त्यांना पारशी धर्मशाळेतून हुसकावलं, आणि राहायला दुसरी जागा कुणी दिली नाही. हे आम्हाला शाळेत होतं. त्यानंतर ते ज्या कामाठीबागेत झाडाखाली बसले, तिथे सहलही जायची. त्या गोष्टीचा आणि आमच्या कपाटाच्या खालच्या फळीचा काही संबंध असू शकेल, हे मात्र सुचलं फार उशिरा, ऑन्टॅरिओतल्या एका वर्कशॉपच्या सिंकपाशी, काळ्या हातांनी स्वतःचाच कप धरलेला पाहिला तेव्हा.

जायचं ठरलं कसं, यात सांगण्यासारखं थोडंच आहे. जीएसटीचा कंटाळा, संध्याकाळी मिस्त्रींच्या गॅरेजवर जाऊन बसायची सवय, आणि वर्गातली निम्मी पोरं कॅनडात. अलकापुरीतल्या एका एजंटाच्या ऑफिसात भिंतभर लाल पान होतं. समोरच्या मुलाने कागदावर तीन चौकोन काढले: दोन वर्षं कॉलेज, तीन वर्षं वर्क परमिट, मग पीआर (कायम राहण्याचा परवाना). सिटी बसचे थांबे सांगावेत तसं. "सर, ट्रेडमध्ये स्कोप आहे, बिझनेस मॅनेजमेंटवाले सगळे पिझ्झा पोचवतायत." इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत प्रत्येक बँडमध्ये सहा हवेत, एक वर्षाची फी आधी भरायची, आणि राहण्याच्या खर्चाचे दहा हजार डॉलर तिकडच्या बँकेत ठेवायचे. ही २०२२ ची गोष्ट. १ जानेवारी २०२४ पासून ती रक्कम २०,६३५ डॉलर झाली, म्हणजे मी स्वस्तात सुटलो असं म्हणायचं. कारेलीबागेतला आमचा फ्लॅट तारण पडला. आईने दिवाळीला आणतात तसला लाल चोपडा आणला, पहिल्या पानावर 'श्री' लिहिलं आणि खाली कर्जाचा आकडा. तो आकडा इथे लिहीत नाही, ती वाचेल.

एजंटाने एक गोष्ट सांगितली नाही, आणि विचारायची अक्कल मला नव्हती. ऑन्टॅरिओत हा सक्तीचा परवाना लागणारा धंदा आहे. कॉलेजचा डिप्लोमा म्हणजे परवाना नव्हे. त्यासाठी एखाद्या गॅरेजमालकाने तुम्हाला अप्रेंटिस म्हणून घ्यावं लागतं, सरकारदरबारी नोंद करावी लागते, आणि एकूण ७,२२० तास भरावे लागतात. त्यातले ७२० वर्गात, बाकीचे गाडीखाली. डिप्लोमा केला असला तर वर्गाच्या तासांतले काही माफ होतात. तास भरले की परीक्षा, त्यात सत्तर टक्के. मग तुम्ही मेकॅनिक. तोपर्यंत दुसऱ्या कुणाच्या तरी सहीखाली काम करणारे. म्हणजे त्या मुलाच्या दुसऱ्या चौकोनात अजून एक पूर्ण कॉलेज लपलेलं होतं.

वर्गात पंजाबची पोरं होती, केरळची होती, आणंदचा एक पटेल होता. उरलेली तिथली, बरीचशी शेतकऱ्यांची. ती आठव्या-नवव्या वर्षापासून ट्रॅक्टरखाली झोपलेली. त्यांच्या हातात पाना असा बसे जसा आईच्या हातात लाटणं. मिस्त्रींच्या गॅरेजवर दोन वर्षं बसलोय असं मी एजंटाच्या सांगण्यावरून अर्जात लिहिलं होतं. बसलोच होतो. चहा प्यायलो, गप्पा मारल्या, एकही नट सोडवला नव्हता.

पहिले दोन आठवडे इंजिन उघडलंच नाही. चष्मा घालायचा, पोलादी टोकाचे बूट घालायचे, गाडी लिफ्टवर चढवायची. पहिली परीक्षा लिफ्टची. चार हात गाडीच्या पोटाखाली नेमक्या जागी लावायचे, चाकं जमिनीपासून वीतभर उचलायची, थांबायचं, आणि गाडीला दोन्ही हातांनी गदागदा हलवायचं. हलली तर खाली. नाही हलली तरच वर. मग वर नेऊन पुन्हा खटक्यावर टेकवायची. त्या दिवशी मला प्रतापनगर आठवलं: एक जॅक, दोन विटा, आणि त्याखाली चपला घालून आडवे झालेले मिस्त्री. त्यांचे पाय तेवढे बाहेर दिसायचे. इतकी वर्षं पाहिलेलं ते दृश्य आठवून मला पहिल्यांदा घाम फुटला.

तिकडच्या गाड्यांचा खरा शत्रू मीठ. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर गाडीच्या पोटाशी उडतं आणि लोखंड खातं. बडोद्यात वीस वर्षांची गाडी खालून धुळीने माखलेली असते, तिकडची दहा वर्षांची गाडी खालून पापुद्रे सुटलेली, पावसात विसरलेल्या विळीसारखी. (उंदीर मात्र दोन्हीकडे वायरी कुरतडतात. याबाबतीत परदेश-देश असा फरक नाही.)

पहिल्या हिवाळ्यात माझ्या वाट्याला एक जुनी पिकअप आली, मागचे ब्रेक करायचे. कॅलिपरचं (ब्रेकच्या चिमट्याचं) ब्रॅकेट दोन बोल्टांवर असतं. वरचा निघाला. खालचा असा गंजला होता की षटकोनी डोक्याचे कोपरेच राहिले नव्हते, नुसती वाटोळी गोळी. गंज सोडवायचं तेल मारलं, हातोड्याने ठकठक केलं, एक आकडा लहान गोटी पाना ठोकून बसवला आणि लांब दांडा लावून सगळं वजन टाकलं. बोल्ट फिरला. काय आनंद झाला! मग लक्षात आलं की तो फार सहज फिरतोय. बोल्ट सुटताना कर्र असा कोरडा आवाज येतो, दाराची बिजागरी कुरकुरते तसा. हा आवाज आलाच नव्हता. एक मऊसा 'टक' झाला होता, आणि गोटीत बोल्टाचं मुंडकं माझ्या हातात होतं.

मास्तर आले, मुंडकं घेऊन पाहिलं, माझ्या हातात परत ठेवलं. बोलले काही नाहीत. उरलेल्या देठाच्या मधोमध खूण करायची, बारीक भोक पाडायचं, मग मोठं, मग आणखी मोठं, भोक जरा तिरकं गेलं की आटे खलास. ते करण्यात माझे अडीच तास गेले. दुसऱ्या बाजूचा बोल्ट त्यांनी माझ्याकडून करून घेतला. आधी रबरी भाग आणि ब्रेकचा पाइप झाकायचा, मग गॅसच्या ज्योतीने बोल्टाभोवतीचं लोखंड तापवायचं, लाल होईपर्यंत. मग सोडवायचा नाही, किंचित आवळायचा. जरासा हलला की जरासा सोडवायचा. पुन्हा आवळायचा. पुन्हा तेल. पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. लहान मुलाला झोपवताना जसं थोपटतात ना, तसं. मिस्त्री अशा वेळी गुजरातीत म्हणायचे, "उतावळे आंबा न पाके." मला वाटायचं, ते कामचुकारपणाला म्हण लावतायत. बोल्ट निघायला वीस मिनिटं लागली. अख्खा निघाला. तो मी धुऊन ठेवलाय, मुंडकं उडालेल्याच्या शेजारी.

अडीच तासांची किंमत मला नंतर गॅरेजमध्ये कळली. तिकडे बऱ्याच ठिकाणी पगार घड्याळाचा नसतो, पुस्तकाचा असतो. प्रत्येक कामाला किती तास लागावेत ते छापलेलं असतं. पुस्तक दीड तास म्हणत असलं आणि तुम्ही एका तासात केलंत तर अर्धा तास तुमचा फायदा. बोल्ट तोडलात आणि चार तास लागले तरी मिळणार दीडच. त्यात हत्यारं स्वतःची. दर आठवड्याला हत्यारांची गाडी गॅरेजच्या दारात उभी राहते, आतून चकचकीत, दागिन्यांच्या दुकानासारखी, आणि उधारी देते. पगारातून हप्ता जातो. मी आईला पहिल्या पेटीचं बिल कळवलं तेव्हा ती फोनवर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पान्यांचे?" आणि बहुधा चोपड्यात लिहायला उठली.

तासांचा हिशेब कॉलेजातही होताच, पण वेगळा. मी गेलो तेव्हा विद्यार्थ्याला आठवड्यात २० तासच बाहेर काम करायची परवानगी. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती मर्यादा तात्पुरती उठवली, एप्रिल २०२४ अखेर पुन्हा आली, त्याच वर्षी पुढे २४ तासांवर गेली. मधल्या दीड वर्षात आमच्यातली काही पोरं रात्री गोदामात आणि सकाळी वर्गात असत. एकजण लिफ्टखाली उभ्याउभ्या झोपला. मास्तरांनी त्याला घरी पाठवलं, हजेरी मांडली, वर कुणाला सांगितलं नाही.

आता मला खरोखर जे शिकायला मिळालं ते सांगतो, बाकी सगळं हाताला हळूहळू येतंच. दुसऱ्या वर्षी एक गाडी ठेवली होती. चावी फिरवली की स्टार्टर अगदी मरगळून फिरायचा, ऊँ... ऊँ... आणि बंद. आम्ही पाचजण. मी म्हटलं बॅटरी. बॅटरी मोजली, १२.६ व्होल्ट, ठणठणीत. मग स्टार्टर, असं एकमताने ठरलं. मास्तरांनी फळ्यावर स्टार्टरची किंमत लिहिली, मजुरी लिहिली, बेरीज केली आणि विचारलं, बदलून पण तसंच राहिलं तर गिऱ्हाइकाला काय सांगाल? अंदाजाने पार्टामागून पार्ट बदलत सुटण्याला तिकडे 'पार्टांची तोफ' म्हणतात. मला हसू आलं. मल्हारराव गायकवाडांच्या सोन्याच्या तोफांच्या गोष्टी ऐकत मी लहानाचा मोठा झालो. पण त्या तोफांना खजिना दरबाराचा होता. ही तोफ गिऱ्हाइकाच्या खिशातून भरतात.

मग त्यांनी मीटरची एक टोकदार वायर बॅटरीच्या वजा टोकावर ठेवायला लावली, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. विजेच्या हिशेबात दोन्ही एकच, म्हणजे अर्थिंग. मधे काहीच असायला नको. एकाला स्टार्टर फिरवायला सांगितला. काटा शून्याजवळ राहायला हवा होता, फार तर पाव व्होल्टापर्यंत. मीटरने पावणेदोन दाखवले. म्हणजे बॅटरीचा जोर वाटेतच सांडत होता. इंजिनाला बॉडीशी जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते, तिचं टोक हिरवं पडून कुजलं होतं. साफ करून आवळली, बस्स. खर्च शून्य.

त्या दिवसापासून मला तो कागद आवडायला लागला, ज्याची आधी चीड यायची. प्रत्येक गाडीच्या कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: तक्रार काय, कारण काय, उपाय काय. मधली ओळ रिकामी ठेवून तिसरी लिहायची नाही. नियम एवढाच आहे, पण पाळायला कठीण. गिऱ्हाईक घाईत असतं, आपण घाईत असतो, आणि पार्ट बदलला की काहीतरी केल्यासारखं वाटतं.

मिस्त्रींचं 'कल क्या बोल रही थी' हे तेच, असं लिहून इथे टाळ्या घेता येतील. पण ते पूर्ण खरं नाही. मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावत आणि कुठला टॅपेट वाजतोय ते सांगत, बरोबर सांगत. आमच्या वर्गातही कानाला लावायची नळी होती. पण तेच मिस्त्री उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवत, आणि चाकाचे नट पान्यावर उभं राहून पायाने आवळत. कान आहे, मीटर नाही, आणि मीटर घ्यायला सांगणारंही कुणी आलं नाही. कलाभवन त्यांच्याही गॅरेजपासून काही लांब नव्हतं.

डिप्लोमा झाला, वर्क परमिट आलं, एका गॅरेजने अप्रेंटिस म्हणून नोंद केली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तीन आठवड्यांसाठी घरी आलो. २६ तारखेला जन्माष्टमी. पाऊस असा की दहीहंडीचा लाऊडस्पीकरही ऐकू येईना. आजव्याच्या तलावातून पाणी सोडलं, विश्वामित्री नदी चढली, आणि रात्री कारेलीबागेत लाइट गेली. सकाळी गॅलरीतून पाहिलं तर पार्किंगमध्ये पाणी, गाड्यांच्या फक्त काचा आणि टपं दिसत होती. चहाच्या रंगाचं, हळू फिरणारं पाणी. आमच्या नदीत मगरी आहेत, पूर आला की त्या वस्तीत येतात, त्यामुळे खाली उतरायचं कुणी नाव घेईना. पोरं गॅलरीतून दिवसभर प्रत्येक तरंगणाऱ्या ओंडक्याला मगर म्हणत होती. एकदा खरीही निघाली म्हणतात, शेजारच्या सोसायटीत.

पाणी उतरायला दोन दिवस गेले. मागे बोटभर चिखल आणि असा वास, की सांगत नाही. समोरच्या ब्लॉकमधले काका पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून आपल्या गाडीपाशी गेले. हातात चावी. "जरा स्टार्ट करून तर बघू," असं ते स्वतःशीच म्हणाले, पण शांततेत दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आलं.

मी ओरडलो. कसा ओरडलो मला आठवत नाही, आई सांगते की लहानपणी पतंगाच्या मांज्याने बोट कापलं तेव्हा असा ओरडलो होतो. "काका, चावी फिरवू नका!"

खाली धावत गेलो आणि पाच-सात लोकांसमोर, चिखलात उभं राहून, समजावलं. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. सिलेंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल आणि स्टार्टरने पिस्टन वर ढकलला तर पाणी हटणार नाही, पिस्टनचा दांडा वाकेल. मग इंजिन उतरवायचं, लाखाच्या घरात. शिवाय बुडालेली गाडी आपण होऊन चालू केली आणि इंजिन गेलं, तर साध्या विम्यात ते सहसा बसत नाही, त्याला इंजिनाची वेगळी जोड लागते. आधी फोटो काढा, विमेवाल्यांना कळवा, बॅटरीचं वजा टोक सोडवा. काका म्हणाले, "पण वरून तर कोरडी दिसतेय." वरून सगळ्याच कोरड्या दिसत होत्या.

माझी हत्यारं बारा हजार किलोमीटरवर. मिस्त्रींना फोन केला. ते दुपारी स्कूटरवर आले, पुढे पिशवी, पिशवीत पाने. त्यांच्या गॅरेजात छातीभर पाणी होऊन गेलं होतं; ते मी विचारल्यावर सांगितलं. आम्ही पार्किंगमध्येच सुरुवात केली. एअर फिल्टर काढून बघायचा: ओला असला तर पाणी आत गेलंय असं धरून चालायचं. ऑईलची कांडी काढायची: दुधाच्या चहासारखं ऑईल दिसलं तर खाली चेंबरपर्यंत पाणी. चार गाड्या पेट्रोलच्या होत्या. डिझेलच्या दोन टोचन करून पाठवायला सांगितल्या, आणि एका इलेक्ट्रिक गाडीच्या नारंगी केबलना हात लावू नका म्हणून तिच्या काचेवर मी स्वतः कागद चिकटवला. मिस्त्रींनी कागद वाचला, मला म्हणाले, "इसको सुनूँ कैसे? ये तो बोलती ही नहीं."

काकांची गाडी पहिली. कॉइल काढले, दहाच्या गोटीने. प्लग खोल विहिरीत असतात. मिस्त्रींच्या प्लगपान्यातलं रबर कधीच झिजलेलं, त्यामुळे प्लग सुटला तरी पान्याबरोबर वर येईना. त्यांनी खिशातून पेट्रोलच्या पाइपचा वीतभर तुकडा काढला, तो प्लगच्या डोक्यावर दाबून बसवला आणि सोनाराने मोती उचलावा तसा प्लग वर काढला. ही युक्ती मला कुठल्याही पुस्तकात दिसली नव्हती. सिलेंडरची चारही भोकं मोकळी झाली. इंजिनाला पेट्रोल जाऊ नये म्हणून पंपाचा फ्यूज काढला, बॅटरी जोडली, सगळ्यांना मागे उभं केलं. आता काकांना म्हटलं, फिरवा.

तिसऱ्या भोकातून कारंजं उडालं. मातकट पाणी, थेट पार्किंगच्या छतापर्यंत, तिथून आमच्या डोक्यावर. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काका मात्र हातातल्या चावीकडे बघत राहिले.

संध्याकाळपर्यंत चार गाड्या झाल्या. ऑईल काढून नवं घातलं, दहा मिनिटं चालवून तेही काढायचं, पुन्हा नवं. आई चहा घेऊन खाली आली. तळमजल्याचं सगळं भिजलेलं, पाणी जपून वापरायचं, त्यामुळे सोसायटीने कागदी कप आणले होते. सगळ्यांना तेच. कागदी कप नसते तर तिने कुठला काढला असता, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. तिच्या आला की नाही, मी विचारलं नाही.

काकांनी मिस्त्रींना पैसे दिले. मग माझ्या पाठीवर थाप मारली. "वा! शिक्षण कामाला आलं बघ. आता एकदा जेवायलाच ये." मी फडक्याने हात पुसत हो-हो म्हणत होतो. आपल्या सोसायटीत ज्यांच्या मांडीवर खेळलो त्यांच्याकडून काय घ्यायचं.

"भाऊ," आई म्हणाली. आवाज अगदी शाळेच्या ऑफिसातला, फी राहिलेल्या पालकांशी बोलताना असायचा तो. "प्लग काढायचे पाचशे. एका गाडीचे. मिस्त्रींचे वेगळे झाले, ह्याचे वेगळे."

काकांनी दिले. बाकीच्या तिघांनीही दिले.

रात्री लाइट आली नव्हती. तिने मेणबत्तीशी चोपडा उघडला, तारीख घातली आणि 'जमा'च्या बाजूला २,००० लिहिलं. डॉलरमध्ये बत्तीसच्या आसपास होतात, मी म्हटलं. तिने लक्ष दिलं नाही. पुढे तपशील लिहायचा होता, तिथे पेन थांबलं.

"काय लिहू? टेक्नॉलॉजी?"

"प्लग लिही."

तिने लिहिलं, 'प्लग, गाड्या ४', आणि खाली रेघ मारून बाकी काढायला घेतली.